पितळेवरचे दोन रंग

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या बाजारात एकाच मॉडेलच्या दोन किमती असतात आणि त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१, लायका एम४ ही मॉडेलं काळ्या आणि चंदेरी अशा दोन्ही रूपांत निघाली. आतलं शटर तेच, लेन्सचा माउंट तोच, कारखाना तोच. तरी सारख्याच अवस्थेतल्या दोन बॉडी शेजारी ठेवल्या तर काळीची किंमत बहुधा जास्त सांगितली जाते; लायकाच्या काही मॉडेलांत तर ही तफावत पटींत जाते. या जादा पैशांत गिऱ्हाइकाला मिळतं काय? उत्तर तयार असतं. काळा कॅमेरा धंदेवाईक फोटोग्राफरचा, चंदेरी हौशी माणसाचा. काळा नजरेत भरत नाही, चंदेरी चमकतो आणि समोरचा सावध होतो. माझ्या मते हे उत्तर इतिहासाला धरून नाही आणि पदार्थविज्ञानाला तर त्याहून कमी धरून आहे. काळ्याला आज जो मान आहे तो मुख्यतः कोणता रंग आधी आला, कोणता मागाहून आला आणि कोणता कमी निघाला, यातून तयार झाला. उपयोगाचे मुद्दे आहेत, पण ते अरुंद आहेत, आणि त्यांतले काही थेट चंदेरीच्या पदरात पडतात. ग्राहकाने खरं तर पाहायला हवं ते रंगाखाली कोणता धातू आहे आणि तो रंग त्यावर कसा चढवला आहे हे.

सुरुवातीला काळा हाच साधा रंग होता. ऑस्कर बार्नाकने आखलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या वसंत मेळ्यात विक्रीला आला तेव्हा तो काळ्या रंगाचा होता आणि त्याची बटणं, चकत्या निकेलचा मुलामा दिलेल्या होत्या. झाइस इकॉनने १९३२ मध्ये त्याला टक्कर द्यायला काढलेला पहिला कॉन्टॅक्सही काळाच. यात शैलीचा विचार फारसा नव्हता. धातूवर काळा रंग देऊन तो भट्टीत भाजून पक्का करणं ही त्या काळी यंत्रांच्या कारखान्यांत रुळलेली पद्धत होती. शिलाई मशीन असो की टाइपरायटर, सगळे त्याच वाटेने काळे झालेले होते. क्रोमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर द्यायचं तंत्र १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाताशी आलं. निकेल हळूहळू पिवळट पडतं, रंग टवके सोडतो. क्रोम यांपैकी काहीच करत नव्हता, शिवाय तो कमालीचा कठीण होता. लायकाने १९३३ च्या सुमारास क्रोमच्या बॉडी आणल्या आणि १९३६ चा कॉन्टॅक्स दुसरा क्रोममध्येच आला. त्या वर्षांत दुकानात उभ्या असलेल्या माणसाला चंदेरी कॅमेरा नव्या विद्येचा वाटत असणार, आणि काळा जुन्या साठ्यातला. मोटारींच्या बंपरपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सगळीकडे क्रोम हीच आधुनिकतेची खूण होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत चांगला कॅमेरा म्हणजे चंदेरी कॅमेरा हे समीकरण इतकं घट्ट झालं की १९५४ साली लायका एम३ आला तो चंदेरीच, आणि काळ्या रंगातले एम३ निघाले ते पुढे, थोड्या संख्येने.

काळ्याचं भाग्य इथून पालटलं. मागणी करणारे होते वृत्तछायाचित्रकार. 'लाइफ' मासिकाचे डेव्हिड डग्लस डंकन हे त्यांतलं ठळक नाव. कोरियाच्या युद्धात जपानी निक्कोर लेन्स वापरून तिचा बोलबाला करणारे हेच. त्यांच्यासाठी लायकाने एम३डी नावाचे अवघे ४ काळे कॅमेरे बनवले. त्यांतला एक २०१२ साली व्हिएन्नाच्या लिलावात १६ लाख ८० हजार युरोंना गेला. मासिकांतली युद्धाची छायाचित्रं ज्यांच्या हातून येत होती, त्यांच्या गळ्यात काळे कॅमेरे दिसू लागले आणि जो रंग पंचवीस वर्षांपूर्वी स्वस्त आणि साधा होता तो आता ओळखपत्र झाला. जपानी कंपन्यांनी हे अचूक हेरलं. १९५९ चा निकॉन एफ दोन्ही रंगांत मिळत होता. १९७१ मध्ये कॅननने धंदेवाईकांसाठी काढलेला एफ-१ काळाच होता, १९८० च्या निकॉन एफ३ चा नेहमीचा प्रकारही काळाच. म्हणजे काळा चांगला म्हणून व्यावसायिकांनी तो घेतला, असं जे आपण मानतो त्याच्या पुढची पायरी अशी, की व्यावसायिकांनी घेतला म्हणून कारखान्यांनी त्यांच्यासाठी दुसरा रंग काढणंच थांबवलं. मग पुढच्या पिढीला धंदेवाईक कॅमेरा चंदेरी असू शकतो हे दिसणार तरी कुठून?

आणि मग हा मानही घसरला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून ऑटोफोकसचं युग सुरू झालं, बॉडी प्लास्टिकच्या झाल्या आणि प्लास्टिक ओतताना काळं ओतणं सर्वांत सोपं. दहा वर्षांत दुकानातला स्वस्तातला स्वस्त एसएलआरसुद्धा काळा दिसू लागला. आपल्याकडे ही उलटापालट आधीच पाहायला मिळालेली होती. परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असलेल्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत जो कॅमेरा असे तो बहुधा भारतात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो काढणारा, काळ्या प्लास्टिकच्या बॉडीचा. त्या घरांच्या लेखी काळा म्हणजे साधा, आणि फॉरेनहून आलेला चमकता कॅमेरा म्हणजे श्रीमंती. एकविसाव्या शतकात रेट्रोची लाट आली तेव्हा फुजीने एक्स१०० आधी चंदेरी रूपातच बाजारात आणला आणि काळा मागाहून, मर्यादित आवृत्ती म्हणून. १९२५ पासून आजवर दर पिढीत एक रंग नेहमीचा आणि दुसरा विशेष ठरत आला आहे. कोणता कोणत्या जागी, हे मात्र बदलत राहिलं. कॅमेऱ्याच्या गुणावर अवलंबून असलेली गोष्ट इतक्या वेळा उलटीपालटी झाली नसती.

यावर पहिला आक्षेप अर्थातच रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांचा. मान राहू दे बाजूला, ते म्हणतील, काळा कॅमेरा लपतो की नाही? आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चमकत्या भागांवर काळी टेप लावत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांची छायाचित्रं घेतली तेव्हा कॉन्टॅक्सचे चकचकीत भाग त्याने काळे रंगवून घेतले होते. दोघेही थोर, दोघांचाही कौल काळ्याला. हे पुरावे मी नाकारत नाही, पण ते पुरते वाचले पाहिजेत. इव्हान्सचा कॅमेरा कोटाच्या आत होता. दोन गुंड्यांच्या मधून फक्त लेन्स डोकावत होती आणि शटरची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली होती. इतकी तयारी केल्यावर रंग हा त्या लपवण्यातला शेवटचा आणि सर्वांत किरकोळ भाग उरतो. कार्तिए-ब्रेसाँचं उदाहरण तर मला दुधारी वाटतं. टेपने जे काम भागतं त्यासाठी वेगळ्या रंगाची बॉडी घेण्याची गरज त्यांना सुरुवातीला तरी पडलेली नव्हती, आणि टेपचा खर्च काही आण्यांचा. शिवाय १९४७-४८ मध्ये ते भारतात होते, गांधीजींच्या हत्येनंतरच्या गर्दीत वावरत होते. दिल्लीच्या त्या गर्दीत एक गोरा परदेशी डोळ्याला कॅमेरा लावतो आहे हे लपवायला कुठला रंग पुरला असता? ते लपले असतील तर आपल्या चपळाईमुळे, आणि त्या क्षणी लोकांचं लक्ष दुसरीकडे होतं म्हणून.

माणसाचं लक्ष कशाने वेधलं जातं याचा विचार केला तर रंगाचा क्रमांक बराच खाली लागतो. हात वर जाणं, अनोळखी माणसाने आपल्या दिशेला रोखून पाहणं, लेन्सची मोठी काच, एसएलआरच्या आरशाचा खट्ट आवाज ही कारणं त्याच्या आधी येतात. लेन्सचा पुढचा भाग आणि बॉडीभोवतीचं चामडं बहुतेक चंदेरी कॅमेऱ्यांतही काळंच असतं. समोरून दिसणारा उजळ धातू म्हणजे वर एक पट्टी आणि खाली एक पट्टी. शिकागोच्या रस्त्यांवर व्हिव्हियन मायरने हजारो फोटो काढले ते प्रामुख्याने रोलायफ्लेक्सवर, ज्याच्या नावाच्या पट्टीपासून फिरवायच्या चकत्यांपर्यंत धातू लखलखतो. तिला त्याचा अडथळा झाल्याचं छायाचित्रांत दिसत नाही, कारण रोलायफ्लेक्समध्ये मान खाली घालून पाहायचं असतं आणि मान खाली घातलेल्या बाईकडे कुणी संशयाने पाहत नाही. उलट मी असंही म्हणेन की आजच्या शहरात मोठा काळा कॅमेरा हा बातमीदाराचा किंवा पाळत ठेवणाऱ्याचा कॅमेरा वाटतो, आणि छोटा चंदेरी कॅमेरा आजोबांच्या कपाटातला. समोरचा माणूस कोणाला पाहून सैलावेल हे सांगायला सर्वेक्षण नको.

तरीही काळ्याचा एक उपयोग निर्विवाद आहे: काचेतलं प्रतिबिंब. खिडकीला लेन्स टेकवून बाहेरचं चित्र घ्यायचं असेल, संग्रहालयातल्या काचेआडची वस्तू टिपायची असेल, तर उजळ बॉडी त्या काचेत उमटते आणि फोटोत येते. याचा सर्वांत चोख पुरावा अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमात मिळतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा मर्क्युरी यानातून पृथ्वीभोवती फिरले तेव्हा त्यांनी हॅसलब्लाड ५००सी सोबत नेला होता. त्याचं आवरण काढून बॉडी काळी रंगवून घेतली गेली, कारण यानाच्या खिडकीत तिचं प्रतिबिंब पडायला नको होतं. पण या पुराव्याचा उत्तरार्ध काळ्याचे कैवारी सहसा सांगत नाहीत. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या पृष्ठभागावर वापरलेला हॅसलब्लाड डेटा कॅमेरा चंदेरी होता. चंद्रावर भर उन्हातून गडद सावलीत जाताना तापमान प्रचंड बदलतं, आणि आतली फिल्म व यंत्र त्यातल्या त्यात एकसारख्या तापमानात राहावं म्हणून तो चंदेरी रंग निवडलेला होता. त्याच कार्यक्रमात, त्याच कंपनीच्या कॅमेऱ्याला सात वर्षांत दोन वेगळे रंग मिळाले. रंग निवडायची योग्य रीत यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही: काम काय, ते आधी विचारलं गेलं. व्यावसायिकपणा कशाने दिसतो, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यात नव्हता.

उन्हाचा मुद्दा आपल्या वाचकाला चंद्राहून जवळचा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उष्णता फिल्मची वैरीण आहे. रंगीत फिल्मचे रंग तिने ढळतात, उघडलेला रोल जितका तापेल तितका खराब होतो. काळा पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो हे शाळकरी विज्ञान. कॅननने १९७० च्या दशकापासून आपल्या मोठ्या टेलिफोटो लेन्सना फिकट पांढरा रंग दिला तो उन्हात नळी तापून आतल्या काचांवर परिणाम होऊ नये म्हणून. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला रांगेने दिसणाऱ्या त्या पांढऱ्या लेन्स हौशी माणसांच्या नसतात, हे काळा म्हणजे धंदेवाईक असं मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. मात्र इथे चंदेरीच्या बाजूनेही अतिशयोक्ती नको. उजळ धातू ऊन कमी शोषतो तसाच शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यातही मंद असतो. वारा असेल तर दोहोंतला फरक आणखी घटतो. आणि आधी म्हटल्याप्रमाणे बॉडीचा मोठा भाग दोन्हींत काळ्या चामड्याचाच असतो. चंदेरीला इथे लाभ आहे, पण तो बॅगेच्या झाकणाएवढा आहे. कॅमेरा सावलीत ठेवला की संपला.

म्हणूनच माझा जोर थरावर आहे. काळा हा एकच थर नाही. एक प्रकार रंगाचा: पितळेवर काळा रंग देऊन भट्टीत पक्का केलेला. दुसरा काळ्या क्रोमचा: चंदेरीसारखाच विजेच्या प्रक्रियेने चढवलेला, पण काळा उतरणारा. लायकाने १९७१ च्या एम५ पासून हा दुसरा मार्ग धरला, आणि कॅनडात ओंटारिओतल्या मिडलंड इथे बनलेल्या १९७७ च्या एम४-२ चं तर काळा क्रोम हेच नेहमीचं रूप होतं. रंग मऊ असतो. पट्ट्याची कडी घासते तिथे, कडांना, बोटं टेकतात तिथे तो झिजतो आणि कल्हई उडालेल्या भांड्यासारखं खालचं पितळ उघडं पडतं. काळा क्रोम त्या मानाने चिवट. आणि चंदेरी सॅटिन क्रोम बहुधा सर्वांत चिवट: पन्नास-साठ वर्षांच्या एम३ ची टोपी, म्हणजे बॉडीची वरची पट्टी, ओल्या कपड्याने पुसली की अजूनही नव्यासारखी दिसते. थराखालचा धातू त्याहून महत्त्वाचा. १९७६ चा कॅनन एई-१ चंदेरी दिसतो, पण त्याची टोपी एबीएस प्लास्टिकची आहे आणि तिला सॅटिन क्रोमचा आभास देणारं फिनिश दिलेलं आहे. १९८४ च्या लायका एम६ ची टोपी पितळेऐवजी जस्ताची होती, आणि अनेक एम६ वर मुलाम्याखाली फोड आलेले दिसतात. २०२२ साली लायकाने एम६ पुन्हा काढला तेव्हा टोपी पितळेची केली. काळा एम६ की चंदेरी एम६ यावर संध्याकाळ घालवणारा ग्राहक जस्ताचा प्रश्न विचारायला विसरला, तर त्याने चुकीच्या गोष्टीवर डोकं चालवलं.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. झिजून पितळ दिसणं हेच तर काळ्याचं सौंदर्य आहे, चंदेरीला वय दिसत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कॅमेरा कुणी, किती, कसा हाताळला याचा नकाशा त्या झिजेत उमटतो हे खरं आहे. सुंदर दिसतो म्हणून घेतला असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते सौंदर्याला उपयोगाचं नाव देणाऱ्याशी. आणि या सौंदर्याचाही बाजार कुठवर जातो ते पाहण्यासारखं आहे. २०१५ मध्ये लायकाने गायक लेनी क्रॅव्हिट्झच्या नावाने 'करस्पाँडंट' ही मर्यादित आवृत्ती काढली, १२५ संचांची. तिच्यावरचा काळा रंग कारखान्यातच हाताने घासून, पितळ उघडं पाडून विकला गेला. युद्धभूमीवर तीस वर्षं वावरल्याचा भास पहिल्या दिवशी, पेटी उघडताच. मला हे हास्यास्पद वाटतं, पण अप्रामाणिक वाटत नाही, कारण काळ्या रंगाचा धंदा खरोखर कशावर चालतो ते कंपनीने इथे उघडपणे सांगून टाकलं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: काळा पुढे विकताना जास्त पैसे देतो, मग तो गुंतवणूक म्हणून का घेऊ नये? देतो, हे मान्य. पण तो पैसा दुर्मिळतेचा आहे. २०२२ मध्ये खुद्द बार्नाकने वापरलेला लायका शून्य मालिकेतला क्रमांक १०५ वेत्स्लारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तोही काळाच आहे, पण त्याच्या किमतीत काळेपणाचा वाटा शून्य. त्या वेळी दुसरा रंगच नव्हता. दुर्मिळतेवर पैसा लागला की नकलाही येतात, आणि नक्कल करायला काळा फार सोपा आहे. चंदेरी बॉडीचा क्रोम काढून तिच्यावर काळा रंग चढवून देणारे कुशल कारागीर आहेत. उघडपणे दुरुस्ती म्हणून केलं तर त्यात गैर काही नाही, पण कारखान्यातला मूळ काळा म्हणून ती बॉडी पुढे विकली की फसवणूक होते. सोव्हिएत फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून विकण्याचा उद्योग तर कित्येक दशकं चालला आहे. जाणकार अनुक्रमांक पाहतात, अक्षरांची खोदाई रंगाआधीची की नंतरची ते पाहतात, आणि झीज हात लागतो तिथेच आहे की सगळीकडे सारखी आहे ते पाहतात. एवढं ज्ञान नसणाऱ्याने काळ्यात गुंतवणूक करणं म्हणजे हिऱ्याची पारख नसताना झवेरी बाजारात उतरणं होय. चंदेरीची नक्कल करण्यात कुणाला फारसा नफा नसल्यामुळे ती बहुतेक वेळा आहे तीच असते.

तेव्हा सारख्या किमतीत, सारख्या अवस्थेत दोन्ही समोर असतील तर मी चंदेरी सुचवेन, पितळी टोपी असेल तर निःशंकपणे. काचेआडून बरंच काम करणारा, रंगमंचाच्या अंधारात प्रकाशाच्या झोताजवळ बसून नाटकांचे फोटो काढणारा, किंवा पाणवठ्याच्या मचाणावर तासन्‌तास बसणारा माणूस असेल तर काळा. तिथे चकाकी खरोखर नडते. आणि काळ्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत असतील तर ते आधी सर्व्हिसिंगला लावावेत. चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्रात ग्रीस सुकून शटरचे मंद वेग अडखळतात, मागच्या दाराच्या खाचेतला फोम चिकट होऊन प्रकाश आत शिरतो, आणि ओएम-१ सारख्या कॅमेऱ्याचं मीटर ज्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचं ती बॅटरी आता बनतच नाही, त्यामुळे अडॅप्टर तरी लावावा लागतो नाहीतर मीटर नव्याने जुळवून घ्यावं लागतं. त्याच ओएम-१ मध्ये प्रिझमजवळचा फोम कुजून प्रिझमच्या चंदेरी थराला खातो. दुकानात बॉडी हातात आल्यावर ती उजेडाकडे धरून व्ह्यूफाइंडरमधून पाहावं: तळाशी किंवा कडेला काळपट डाग दिसला तर बाहेरचा रंग कोणताही असो, भाव पाडून मागावा किंवा पुढच्या दुकानाकडे वळावं.